जुना बंधारा पाडण्याआधी

संपादक महाशय,

पावसाळा संपला की गोव्यातल्या कितीतरी ग्रामसभांत बंधाऱ्याचा विषय हमखास निघतो. बंधारा जुना झाला, गळतो, पाणी मार्चपर्यंतही पुरत नाही, तेव्हा तो पाडून नवा बांधा, असा ठराव होतो आणि तो जलस्रोत खात्याकडे जातो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत ओहोळांवर घातलेले दगडी बंधारे आणि मातीची छोटी धरणे पुष्कळ आहेत. त्यांच्या भरवशावर कुळागरे (पोफळीच्या बागा) उभी आहेत, वायंगण (उन्हाळी भात) पिकते, विहिरींचे झरे जिवंत राहतात. मागणी रास्तच आहे. पण ठराव आणि कोनशिला यांच्यामध्ये जे काम असते, त्याकडे गावाचे फारसे लक्ष नसते आणि चुका नेमक्या तिथेच होतात. नवा बंधारा किती वर्षे टिकेल हे पाया, सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) आणि काम कोणत्या महिन्यांत झाले यावर ठरते. हे तिन्ही गावाने विचारून घ्यावे, यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी हे ठरले पाहिजे की बंधारा खरेच पाडायला हवा का. गळती दिसली म्हणजे बंधारा गेला असे होत नाही. मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरते. पाणी स्वच्छ असेल, दरवर्षी साधारण तेवढेच असेल आणि पायथ्याच्या दगडी भरावातून येत असेल, तर घाबरायचे कारण नाही. पाणी गढूळ असेल तर मात्र ते बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडते आहे आणि आत पोकळी वाढते आहे. काचेच्या ग्लासात ते पाणी धरावे आणि अर्धा तास न हलवता ठेवावे. तळाला मातीचा थर बसला तर त्याच दिवशी खात्याला कळवावे, पंधरवड्याच्या सभेची वाट पाहू नये.

गळती मोजणेही कठीण नाही. झिरपणारे पाणी एका छोट्या पाटात एकत्र आणायचे आणि ९० अंशांची खाच कापलेला पत्रा (याला व्ही-नॉच म्हणतात) त्यावर आडवा, पातळीत बसवायचा. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंमी वर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर पाणी जाते. १५ सेंमी असेल तर १२ लिटर. उंची दीडपट झाली की पाणी पावणेतीनपट होते, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. पट्टी पत्र्याला चिकटवून धरू नये, अर्धा मीटर मागे धरावी, कारण खाचेजवळ पाणी खाली वाकते आणि आकडा कमी येतो. हा आकडा दर आठवड्याला धरणातल्या पातळीच्या शेजारी वहीत लिहावा. पातळी तीच आणि गळती वाढलेली, असे दिसले की दुखणे वाढले असे समजावे.

दगडी बंधाऱ्याचे दुखणे वेगळे असते. सांध्यांतला मसाला वर्षानुवर्षे धुपतो आणि खालच्या बाजूला पांढरे ओघळ दिसू लागतात. पाया पक्का असेल तर अशा बंधाऱ्याला भोके पाडून दाबाने सिमेंटचे ग्राउटिंग (पातळ सिमेंट आत भरणे) करता येते आणि पाण्याच्या बाजूने काँक्रीटचा नवा थर, लोखंडी सळ्यांनी जुन्या दगडाला घट्ट जखडून, चढवता येतो. पाडण्यापेक्षा हे काम लवकर होते आणि गावाचे पाणीही फार दिवस बंद राहत नाही. पाडावेच लागते ते चार प्रसंगी: पायाखालून पाणी जात असेल, बंधाऱ्याला वळसा घालून पाण्याने काठ फोडला असेल, मातीच्या बांधातून जाणारा विमोचकाचा (साठ्यातले पाणी खाली सोडणाऱ्या दाराचा) पाइप आतच तुटला असेल, किंवा सांडवा अपुरा असून तो रुंद करायला जागाच उरली नसेल. पाण्याने वळसा घालणे हे तर आपल्याकडच्या लहान बंधाऱ्यांचे नेहमीचे मरण आहे. बंधारा जसाच्या तसा उभा असतो आणि ओहोळ शेजारच्या कुळागरातून वाहतो. बाजूच्या भिंती काठाच्या मातीत पुरेशा आत नेल्या नाहीत, कातळ लागेपर्यंत खोदले नाही, की हे होते.

सांड्व्याचे गणित ग्रामसभेत मांडता येण्याइतके सोपे आहे. सह्याद्रीच्या पाणलोटासाठी इंग्लिस या अभियंत्याचे सूत्र इथले अभियंते फार वर्षांपासून वापरतात. पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचे, त्याला १२४ ने गुणायचे आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळाने भागायचे. समजा बंधाऱ्यावरचा पाणलोट ४ चौरस किमी आहे. उत्तर येते सेकंदाला सुमारे १३० घनमीटर. आता जुन्या बंधाऱ्याचा सांडवा बघा. तो २० मीटर लांब, रुंद सपाट माथ्याचा असेल आणि त्यावरून दीड मीटर जाडीचे पाणी गेले, तर बाहेर पडते सुमारे ६२ घनमीटर. निम्म्याहून कमी. बाकीचे पाणी कुठे जाईल? मातीच्या बांधावरून. आणि मातीच्या धरणावरून पाणी गेले की ते काही तासांत कापले जाते. अचूक आराखड्यासाठी जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून पूर काढावा लागतो. आयएस ११२२३ या भारतीय मानकात लहान धरणासाठी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर धरला आहे आणि खाली वस्ती असेल तर त्याहून मोठा पूर धरायला हरकत नाही. पण ढोबळ सूत्रानेच एवढी तफावत दिसत असेल, तर जुन्याच मापाचा नवा बंधारा बांधण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून बराच जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये म्हादई आणि तिच्या उपनद्यांना आलेला पूर लोक विसरलेले नाहीत. सत्तरीत पैकुळचा पूल त्या पुरात कोसळला. अशा पुरात नुसते पाणी येत नाही. मुळासकट उपटलेली झाडे, बांबूची बेटे, माडांचे खोड असे सगळे येते. म्हणून लहान बंधाऱ्यावर पूर सोडण्यासाठी अरुंद दारांवर अवलंबून राहू नये असे आमचे ठाम मत आहे. दीड-दोन मीटरच्या गाळ्यात एक आडवे झाड अडकले की त्यामागे पाला-फांद्या साठतात, गाळा बंद होतो, पाणी चढते आणि काठ फोडते. पूर जाण्याची मुख्य वाट मोकळी, दारांविना असावी. दारे लागतात ती गाळ धुऊन काढायला आणि उन्हाळ्यात थोडा जादा साठा धरायला, तेवढ्यापुरतीच.

ओहोळाची घळ अरुंद असेल तर लांब सांडवा बसणार कसा, हा प्रश्न येतो. वरच्या उदाहरणात सांड्व्याच्या माथ्याला नीट गोलाई दिली आणि त्यावरून दीड मीटर पाणी जाऊ दिले, तरी ३४ मीटर लांबी हवी. एवढी जागा नसेल तर माथा सरळ न ठेवता पाण्याच्या बाजूला वळवून घ्यावा. साळावली धरणाचा सांडवा अनेकांनी पाहिला असेल. बदकाच्या चोचीसारखा तो गोलाकार माथा आपण कौतुकाने बघतो आणि फोटो काढून परततो. त्याचे खरे काम हेच आहे: दरवाजा नाही, पातळी भरली की पाणी चारी अंगांनी आपोआप आत उतरते आणि कमी रुंदीत जास्त लांबीचा माथा मिळतो. तीच युक्ती लहान प्रमाणात गावच्या बंधाऱ्यालाही लागू पडते. काम थोडे किचकट होते, साचे जास्त लागतात, पण काठ खोदून रुंदी वाढवण्यापेक्षा ते बरे.

उंची वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. “बांधतोच आहोत तर मीटरभर उंच करूया,” असे सभेत कुणी ना कुणी म्हणतोच. पाण्याची खोली २ मीटर असेल तर बंधाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण २ टन रेटा येतो. ३ मीटर खोलीला तो साडेचार टन होतो आणि ४ मीटरला ८ टन. बंधारा उलथवण्याचे बळ तर याहूनही वेगाने वाढते, २ मीटरवरून ३ मीटरला जाताना ते तिपटीहून जास्त होते. जुन्या पायावर नवी उंची चढवणे म्हणूनच धोक्याचे. शिवाय पूर्ण भरल्यावरची पातळी वाढली की वरच्या अंगाला नवी जमीन बुडते. सत्तरी-सांगेत ती बहुधा वनखात्याची असते, काही ठिकाणी १९९९ मध्ये जाहीर झालेल्या म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यात येते. मग १९८० च्या वनसंरक्षण कायद्याखालची परवानगी आली आणि काम काही वर्षे मागे पडले. जुनीच पातळी ठेवून गाळ काढला आणि गळती थांबवली, तर बऱ्याच ठिकाणी हवे तेवढे पाणी मिळते.

गाळाबद्दलही हिशेब करूनच बोलावे. पाच हेक्टरच्या तळ्यात सरासरी एक मीटर गाळ म्हणजे ५०,००० घनमीटर. एका टिपरमध्ये सहा घनमीटर जातो असे धरले तर आठ हजारांहून जास्त खेपा होतात. दिवसाला ६० खेपा केल्या तरी चार महिने संपून जातात, आणि गावचा रस्ता उखडतो तो वेगळाच. त्यामुळे गाळ दोन-तीन उन्हाळ्यांत वाटून काढावा, आधी विमोचकाच्या तोंडापुढचा आणि मग वरचा. चांगला गाळ शेतात पसरता येतो. खाणपट्ट्यातून आलेला लाल गाळ मात्र भातशेतीत टाकू नये, त्याने जमीन आवळते.

आता पाया. गोव्यात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे. वरून जांभा कडक दिसतो, चिरे काढण्याइतका. पण जांभ्यात बोटभर ते हातभर रुंदीच्या पोकळ्या आणि नळ्या असतात आणि त्यांतून पाणी बिनबोभाट निघून जाते. जांभ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी पांढरट-गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी मऊ माती असते. कोरडी असताना ती भिंतीसारखी उभी राहते, पाण्याचा प्रवाह लागला की विरघळत जाते. जांभ्यावर बंधारा टेकवला आणि खालून ही माती धुपली, तर वरचे काँक्रीट कितीही चांगले असो, बंधारा खचतो. म्हणून आराखडा करण्याआधी बंधाऱ्याच्या रेषेवर दर २५-३० मीटरवर आणि दोन्ही काठांत बोअर घ्यावेत. नुसती माती-दगड बघून थांबू नये, बोअरमध्ये पाणी भरून ते किती वेगाने उतरते तेही मोजावे. पायाखालचा चर जांभा ओलांडून पक्क्या कातळात, निदान अर्धा मीटर आत, न्यावा. कातळ फार खोल असेल तर चरात चिकणमाती थराथराने दाबून भरावी किंवा काँक्रीटची पातळ भिंत खाली उतरवावी. खोदल्यानंतर पायाचा कातळ हवा-पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन, भेगांत सिमेंटचा पातळ घोळ ओतून, अभियंत्याने पाहिल्याशिवाय पहिले काँक्रीट पडू नये. हा एक दिवस असा असतो की गावातल्या दोन-चार जाणत्यांनी तिथे उभे राहावे, कारण पाया एकदा झाकला की तो पुन्हा कुणालाच दिसत नाही.

काँक्रीटच्या बंधाऱ्यात काम एकसलग न करता १५ ते २० मीटरच्या खंडांत करावे आणि दोन खंडांमधल्या सांध्यात पीव्हीसीची पाणीरोधक पट्टी घालावी. ती वाकडी बसली किंवा खिळे मारून भोके पाडली, तर पहिल्याच वर्षी सांध्यातून कारंजे उडते. एका वेळी दीड मीटरपेक्षा जास्त उंची भरू नये आणि पुढचा थर तीन दिवसांनी चढवावा. जाड काँक्रीट आतून तापते, घाई केली की तडे जातात. पाणी मारणे निदान १४ दिवस. साधारण ३४ मीटर लांब, ४ मीटर उंच बंधाऱ्याला बाजूच्या भिंती आणि खालची फरशी धरून हजार घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागते, म्हणजे मिक्सरच्या गाडीच्या १७० खेपा. भरलेली गाडी २५ टनांच्या घरात जाते. गावच्या वाटेवरचा साकव ते वजन पेलतो का, हे निविदेआधी बघायचे असते. अन्यथा काँक्रीट मध्येच उतरवून जागेवर मिसळले जाते आणि पाण्याचे माप कुणी ठेवत नाही.

खालच्या बाजूची फरशी अनेक आराखड्यांत काटकसरीची पहिली बळी ठरते. माथ्यावरून पडणारे पाणी तळ खोदते, खड्डा मागे मागे सरकत बंधाऱ्याच्या पायापाशी येतो. फरशीच्या शेवटी खोल काँक्रीटची आडवी भिंत आणि त्यापुढे मोठ्या दगडांची मांडणी हवीच. हात घालून हलणारा दगड पुरात राहत नाही.

मातीचेच धरण पुन्हा बांधायचे असेल तर विमोचकाच्या पाइपकडे जास्त लक्ष द्यावे. जुन्या धरणांत ह्यूम पाइपचे (काँक्रीटच्या नळांचे) तुकडे जोडून नुसते मातीत पुरलेले असतात. बांध खचला की सांधे उघडतात, पाणी बाहेरच्या मातीत शिरते आणि एके दिवशी माथ्यावर विहिरीसारखा खड्डा पडतो. त्याऐवजी पोलादी पाइप, सभोवती काँक्रीट, आणि खालच्या बाजूच्या अर्ध्या भागात पाइपभोवती चाळलेल्या रेतीची गाळणी असावी. ही रेती पाणी जाऊ देते पण मातीचा कण अडवते. पूर्वी पाइपलगत झिरपणारे पाणी अडवायला पाइपभोवती काँक्रीटच्या कॉलर घालत, पण कॉलरच्या कोपऱ्यात रोलर पोहोचत नाही आणि तिथेच माती सैल राहते. भराव २० ते २५ सेंमीच्या सैल थरांत, योग्य ओलाव्यावर दाबावा आणि प्रत्येक थराची घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांहून कमी नसावी. पूर आला तरी पाण्याच्या वर दीड मीटर बांध मोकळा राहिला पाहिजे. बांधावर झाडे लावू नयेत, सावलीसाठी तर मुळीच नाही. झाड मेले की मुळांच्या जागी पाण्याला तयार नळी मिळते.

आता आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा: काम कधी करायचे आणि त्या वर्षी पाणी कुठून आणायचे. आपल्याकडे ओहोळात उतरून काम करायला नोव्हेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत सहा महिने मिळतात. पण निविदा, मंजुरी, कधी आचारसंहिता यांत कामाचा आदेश फेब्रुवारीत निघतो. मार्चमध्ये जुना बंधारा फोडला जातो, पाया एप्रिलमध्ये उघडतो, मे महिन्यात वळीव येतो आणि खड्डा भरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला की अर्धवट भिंत, उघडे लोखंड आणि मोकळा काठ पुराच्या तोंडी सापडतो. पुढचा उन्हाळा येईपर्यंत गावाजवळ जुनाही नाही आणि नवाही नाही. हे टाळायचे तर निविदा पावसाळ्यातच पूर्ण करून कंत्राटदाराने ऑक्टोबरअखेर जागेवर यंत्रे आणली पाहिजेत. १५ जानेवारीपर्यंत पाया वर येईल अशी खात्री नसेल, तर त्या वर्षी जुन्या बंधाऱ्याला हात लावायचा नाही, अशी अट करारातच असावी.

पाण्याबाबत वायंगण आणि कुळागर यांना एकाच मापाने मोजू नये. वायंगणाचे एक पीक बुडाले तर एका हंगामाचे नुकसान होते आणि त्याची भरपाई पैशांत करता येते. वायंगण भाताला हेक्टरी १२,००० घनमीटरच्या आसपास पाणी लागते. कामाच्या वर्षी ते सोडून द्यावे आणि भरपाई काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यावी. पोफळीचे तसे नाही. पाण्यावाचून एक उन्हाळा गेला तर झाड शेंड्यातून वाळते, आणि नवी पोफळ लावली तर फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. तेव्हा कामाच्या वर्षी कुळागराचे पाणी एक दिवसही तुटता कामा नये.

ते शक्य आहे. ठिबकने पोफळीला दिवसाला १६ ते २० लिटर पुरते. हेक्टरी १,३०० झाडे धरली तर २६ घनमीटर. वीस हेक्टर कुळागराला दिवसाला ५२० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सहा लिटरचा सततचा प्रवाह. वर सांगितलेल्या व्ही-नॉचवर तो साडेअकरा सेंमी दिसेल. आदल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये ओहोळाचा प्रवाह मोजून ठेवला, तर कामाच्या वर्षी वरच्या अंगाला वसंत बंधारा, म्हणजे तात्पुरता बंधारा, घालून, रेतीच्या गोण्या आणि प्लास्टिकच्या कापडाने तो घट्ट करून, तिथून पाइपने पाणी कुळागरात उतरवता येते. चढ-उतार जुळला तर पंपही लागत नाही. पाटाने पाणी सोडले तर झाडागणिक दुप्पट लागते आणि मातीच्या पाटात मुरते ते निराळे. म्हणून ठिबकची जोडणी बंधाऱ्याच्या कामाआधीच्या वर्षी व्हावी आणि तिचा खर्च बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकातच धरावा. कुळागरात केळी, जायफळ, मिरीही असते, त्यांचा वाटा मोजायला विसरू नये.

जागा असेल तर नवा बंधारा जुन्याच्या खालच्या अंगाला बांधणे सर्वांत चांगले. मग जुना बंधारा काम चालू असताना पाणी धरतो आणि नव्याच्या खड्ड्याचे रक्षणही करतो. दगडी बंधाऱ्यापासून १०-१५ मीटर अंतर पुरते. जुना बांध मातीचा असेल तर त्याच्या पायथ्याशी मुळीच खोदू नये, पायथा काढला की उतार घसरतो. तिथे ३०-४० मीटर खाली सरकावे आणि काम चालू असेपर्यंत तळ्यातली पातळी निम्म्यावर ठेवावी, कारण खाली खड्ड्यात मजूर असतात. नवा तयार झाल्यावर जुना मात्र तसाच सोडायचा नाही. मे महिन्यातच त्याला मधोमध, तळापर्यंत, नव्या सांड्व्याएवढे रुंद खिंडार पाडावे. अर्धवट ठेवलेला जुना बंधारा भर पावसात फुटला तर त्याची लाट नव्यावर आदळते.

पहिल्या पावसाळ्यात विमोचक आणि गाळ काढायची दारे पूर्ण उघडी ठेवावीत. जूनच्या सुरवातीला चढणीचे मासे वर जातात, त्यांनाही वाट मिळते. बर्गे, म्हणजे फळ्या, ऑक्टोबरमध्ये जोराचा पाऊस ओसरल्यावरच घालाव्यात आणि पाणी एकदम न भरता मीटर-मीटरने, मध्ये आठवडाभर थांबून, चढवावे. प्रत्येक टप्प्याला गळती मोजावी. फळ्या काढायची तारीख मात्र पक्की हवी: २५ मे. पाणी शिल्लक आहे म्हणून जूनपर्यंत थांबले की फुगलेल्या फळ्या खाचेत अडकतात, आणि वाहत्या पुरात त्या काढायला माणूस उतरवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे.

कायद्याची बाजूही गावाने समजून घ्यावी. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लांबी, साठा, पूर अशा अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच लागू होतो. त्याखाली पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे, आणीबाणीचा आराखडाही सक्तीचा आहे. आपले गावचे बंधारे बहुतेक १० मीटरच्या आतले आहेत, म्हणजे या तपासणीच्या बाहेर. पण खाली चार घरे असतील तर पाणी उंची बघून थांबत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि माणसे, घरे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी त्याआधीच झालेल्या होत्या. लहान बंधाऱ्यांसाठी राज्याने आपला वेगळा नियम करावा आणि मे व नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ अभियंत्याने पंचायतीच्या प्रतिनिधीसह तपासणी करून तिची प्रत पंचायतीच्या फलकावर लावावी, अशी आमची जलस्रोत खात्याला विनंती आहे. त्या प्रतीत पाच नोंदी असल्या तरी पुरे: पाण्याची पातळी, गळतीचे माप, माथा कुठे किती खचला, दारे फिरतात की नाही, आणि विमोचकाची किल्ली कुणाकडे आहे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण रात्री पाणी चढू लागते तेव्हा सर्वांत आधी शोधाशोध होते ती त्या किल्लीची, म्हणून दोन किल्ल्या असाव्यात आणि त्यांतली एक बंधाऱ्यापासून चालत पाच मिनिटांच्या आत राहणाऱ्या घरात असावी.

आपले नम्र,
जलसिंचनाच्या कामात राहिलेले काही निवृत्त अभियंते व बागायतदार,
सत्तरी